फाडलेले सात दिवस

जूनच्या शेवटच्या शनिवारी मिर्का आईच्या डोळ्यांचे थेंब आणायला बाहेर पडली आणि येताना मंडईतून काकड्या, शेपूची जुडी आणि चेरी घेऊन आली. दर शनिवारचा नेमच होता तो. औषधवालीनं विचारलं, "आई कशी आहे?" मिर्का म्हणाली, "आहे." गेली नऊ वर्षं ती हेच उत्तर देत होती, आणि औषधवालीही त्यापुढे कधी काही विचारत नसे.

मिर्का चोपन्न वर्षांची. टोरून शहराच्या ट्राम आणि बसगाड्यांच्या कचेरीत ती वेळापत्रकं लिहायची. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी येईल, आणि सगळं झाल्यावर किती वाजता आगारात परत जाईल, हे सगळं तिच्या हातचं. कचेरीत एक म्हण होती, 'पानावर नाही ते रुळावर नाही.' चालक कागदावर असेल तेवढंच करणार. एकदा एक नवशिकी कारकून 'आगारात परत' ही शेवटची ओळ लिहायलाच विसरली, तर एक खडूस चालक शेवटच्या थांब्यावर गाडीत पहाटेपर्यंत बसून राहिला होता. तो किस्सा आजही कचेरीत चहाबरोबर निघतो.

आई, आपोलोनिया, एक्याऐंशीची. काचबिंदूनं तिची नजर खाल्ली होती. खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळायचं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही. दोघी मायलेकी जुन्या चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. मिर्का सकाळी आईला न्हाऊ घालायची, दुपारी कचेरीतून धावत येऊन जेवायला वाढायची, रात्री थेंब घालायची. आणि आईच्या तोंडी नाव कुणाचं? लेशेकचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

लेशेक हा मिर्काचा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी इंग्लंडात गेला आणि तिकडे एका गोदामात चिकटला. दर वर्षी मेमध्ये त्याचा फोन यायचा, "या उन्हाळ्यात नक्की. पुरता आठवडा राहीन." आणि दर जुलैत काहीतरी निघायचं. कधी पाळी बदलली, कधी पाठ धरली. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि म्हातारी तो आठ वर्षं मिटक्या मारत खात होती. या वर्षी मात्र तो म्हणाला होता, तिकीट काढलंय. सोमवार चौदा जुलै ते रविवार वीस जुलै. तेवढ्या बोलावर मिर्कानं समुद्रकाठी यास्तार्नियाला एक खोली ठरवून टाकली, त्याच आठवड्याची. नऊ वर्षांत तिची ही पहिली सुट्टी. भाऊ आईजवळ, आपण वाळूत.

"लिहून ठेव सगळं," त्या शनिवारी चेरीच्या बिया काढता काढता आई म्हणाली. "तुझ्या गाड्यांचं लिहितेस ना, तस्सं. मिनिटासकट. नाहीतर पोरगं येईल आणि नुसतं लोळून जाईल."

"तो पन्नाशीला आलाय, आई."

"मग काय झालं? लिही."

घरात कोरा कागद सापडेना. मिर्कानं स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरला हात घातला. रोज एक पान फाडायचं ते जाडजूड कॅलेंडर, चर्चमधून मिळालेलं. पुढे तारीख आणि संताचं नाव, मागची बाजू कोरी. तिनं जुलैची पानं उलटली आणि चौदा ते वीस अशी सात पानं एका झटक्यात फाडून घेतली. तारीख छापलेलीच आहे, लिहायचे कष्ट वाचले, असा तिचा हिशोबी विचार.

तो आवाज ऐकून आईचा हात भांड्यातच थांबला. "काय फाडलंस?"

"लेशेकचा आठवडा."

"आगाऊ? मिर्के, कितीदा सांगितलंय! पुढचे दिवस आगाऊ फाडू नयेत. फाडलेला दिवस कुणाचाच नसतो. जो आधी पोचेल त्याचा."

"हो, हो. सांग, सोमवारी काय?"

पण मुलाच्या लाडापुढे भीती किती टिकणार? ती सांगत गेली आणि मिर्का लिहीत गेली. सोमवार, अकराला लेशेक येईल. एकला जेवण, शेपू घातलेले नवे बटाटे, काकडी आणि आंबट साय. चारला नदीकाठ. सातला रात्रीचं जेवण. साडेआठला आईला वाचून दाखवणं. मंगळवारपासून रोज सकाळी आठला न्याहारी. मंगळवारी वडिलांची कबर, फुलं आणि मेणबत्ती. बुधवारी झुकता बुरूज. गुरुवारी जुन्या दुकानातले मधाचे पिएर्निक, ती मसालेदार बिस्किटं. शुक्रवारी आईचे केस विंचरणं, नखं कापणं. "ते तुझ्या हातून दुखतं," आई म्हणाली. मिर्कानं तेही लिहिलं. रविवारी चर्च, दुपारी बीटाचं थंड सूप, सातला जेवण. लेशेक परत कुठल्या गाडीनं जाणार ते त्यानं कळवलं नव्हतं, म्हणून पुढची जागा तिनं मोकळी ठेवली.

चार जुलैला त्याचा फोन आला. आई तेव्हा झोपली होती.

"मिर्का, अगं, इकडे जरा लफडं झालंय…"

"येत नाहीयेस."

"माणसं कमी पडलीत. साहेब म्हणतो, ऑगस्ट बघ. तूच नीट समजावून सांग ना तिला. तुला जमतं ते."

"मला जमतं? मला काय काय जमतं ते येऊन बघ एकदा. तिचं अंग पुसायला जमतं, रात्री तीनदा उठायला जमतं…"

"हे बघ, टोमणे नकोत. कोणी तुला राहा म्हटलं नव्हतं."

मिर्कानं फोन ठेवला. एखादी बाई रडली असती. मिर्का सिंकपाशी उभी राहून एक स्वच्छ भांडं पुन्हा पुन्हा घासत राहिली. मग तिनं ठरवलं की आईला काही सांगायचं नाही, आणि सुट्टीही सोडायची नाही. खालच्या मजल्यावरच्या सिकोराबाई दोन वेळा सूप आणून देतील, थेंब घालतील. सोमवारी संध्याकाळी फोन करून सांगू, विमान रद्द झालं, उद्या येईल. मंगळवारी सांगू, परवा. तारखा पुढे ढकलत आठवडा काढू. ज्या पोरानं आठ वर्षं तारखा ढकलल्या, त्याच्या नावावर आपण सात दिवस ढकलले तर काय बिघडलं?

चौदा तारखेला सकाळी आठला ती निघाली. जिन्यात आठवलं, टॉवेल राहिला. परत आली तर आई म्हणाली, "वाटेतून परत आलीस. बस खाली, दहा मोज, मग जा." अपशकुन मोडायची ही तिकडची रीत. मिर्का खुर्चीच्या कडेवर टेकली, चारपर्यंत मोजलं आणि उठली. आई चांगला निळा झगा घालून दाराकडे तोंड करून बसली होती. सात पानं टेबलावर मांडून ठेवली होती, एका रेषेत.

"अकराला ना?" आईनं विचारलं.

"अकराला," मिर्का म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

समुद्र छान होता. एवढं म्हटलं तरी पुरे, कारण मिर्काच्या लक्षात त्यातलं फारसं राहिलेलं नाही. संध्याकाळी सहाला तिनं धुरावलेला मासा खाल्ला, घसा साफ केला, मनातल्या मनात 'विमान रद्द झालं' हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं आणि घरी फोन लावला.

"आला ग, मिर्के!" आईचा आवाज. "बरोबर अकराला. घड्याळाचे टोले संपले आणि दार वाजलं."

मिर्काचं विमान तोंडातच राहिलं. "कोण आलं?"

"कोण म्हणजे? पान काय सांगतं?"

"मी बोलते त्याच्याशी. दे फोन त्याला."

"नाही… कामात आहे. काकड्या चिरतोय. हे ऐक."

फोनमधून आवाज आला. टक. टक. टक. लाकडी पाटावर सुरी पडत होती, संथ आणि एकसारखी. मिर्काला पहिल्यांदा वाटलं, लेशेकला लाज वाटली आणि तो खरंच आला. मग वाटलं, नाही, म्हातारीनं आपलं खोटं ओळखलंय आणि आता स्वतःच काकडी चिरत आपल्याला खेळवतेय. दोन्हीतलं काहीही असलं तरी राग यावा असंच होतं. खरं काय ते भावाला एक फोन करून कळलं असतं. तिनं तो केला नाही. का, ते तिनं पुढे स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे. विचारलं असतं तर परत जावं लागलं असतं.

बुधवारी आई फोनवर हळू बोलत होती, जवळच कुणी झोपलं असावं तशी.

"बुरुजाला गेलो होतो. उभा राहिला तो."

टोरूनच्या झुकत्या बुरुजाला पाठ लावून, टाचा भिंतीला टेकवून, हात पुढे करून उभं राहायचं. पापी माणसाचा तोल जातो म्हणतात. तोल सगळ्यांचाच जातो, भिंतच पुढे कललेली आहे. लेशेक लहानपणी दर वेळी आईच्या अंगावर कोसळायचा आणि दोघं हसत सुटायचे. मिर्का तेव्हा बाजूला पिशव्या धरून उभी असायची.

"किती वेळ राहिला?" मिर्कानं विचारलं.

"पानात तू अकरा ते साडेअकरा लिहिलंयस ना… अर्धा तास. जराही हलला नाही ग. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बघितलं. आजूबाजूची पोरं मला हसत होती. मला, मिर्के. त्याला नाही."

शुक्रवारी आई म्हणाली, "केस छान विंचरले. अजिबात दुखलं नाही." मग म्हणाली, "हात फार गार आहेत पण… आणि मिर्के… तो झोपत नाही. साडेनऊला वाचून संपलं की तिथंच बसून राहतो खुर्चीत. सकाळी आठपर्यंत. आवाज नाही, काही नाही…"

"झोप म्हणावं त्याला."

"तू लिहिलंच नाहीस झोपायचं."

शनिवारी फोन उचलला गेला, पण पलीकडून कुणी बोललं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता, आणि टक, टक, टक. मिर्का दोनदा "आई" म्हणाली. दुसऱ्यांदा म्हटल्यावर सुरी थांबली. कुणीतरी ऐकत होतं. मग फोन आपल्या जागी ठेवला गेला, हळूच, सांभाळून.

तरीही ती रविवारचा दिवस राहिली. ऊन होतं, लोक पाण्यात खिदळत होते, आणि मिर्का वाळूत अंगाभोवती टॉवेल गुंडाळून बसली होती. संध्याकाळी तिनं शेवटी भावाला फोन लावला.

"मी?" लेशेक म्हणाला. "मी कुठून येणार टोरूनला? आत्ता पाळीवरून आलोय. तू आईला काय सांगून बसलीयस?… मिर्का? तिच्याजवळ कोण आहे?"

सोमवारी पहाटेची पहिली गाडी पकडून ती दुपारी दीडच्या सुमाराला घरी पोचली. जिन्यातच सिकोराबाई भेटल्या. हातात रिकामं पातेलं.

"आलीस? बरं झालं बाई. तुझा भाऊ म्हणजे नुसतं घड्याळ! आठच्या ठोक्याला माझ्या डोक्यावर पावलं सुरू, रात्री साडेनऊला बंद. आपोलोनियाबाईंनी मला दारातूनच परत लावलं. म्हणाल्या, सूप नको, लेशेकनं केलंय."

"तुम्ही पाहिलंत त्याला?"

सिकोराबाईंनी पातेलं या हातातून त्या हातात घेतलं. "बुधवारी खिडकीतून बघितलं खरं. दोघं बाहेर निघाले होते… म्हणजे आई तुझी. हात असा वाकवून धरलेला, कुणाच्या कोपराला धरावं तसा. चालत होती झपाझप, काठीबिठी नाही. पण बाजूला… मी म्हटलं, ऊन डोळ्यावर आलंय." त्यांनी छातीवर क्रूस काढला.

दार उघडंच होतं. आत भर जुलैच्या दुपारी तळघरासारखा गारठा होता, आणि वास येत होता नदीच्या गाळाचा, पूर ओसरल्यावर काठावर येतो तसा. स्वयंपाकघर लखलखीत होतं. पाटावर काकडीच्या चकत्या रचून ठेवल्या होत्या, कागदासारख्या पातळ, आणि त्या कुणी खाल्ल्या नव्हत्या. टेबलावर सात पानं. प्रत्येक ओळीपुढे तिरकी बारीक रेघ, चालक थांबा झाल्यावर मारतात तशी. शेवटची रेघ रविवारच्या सातच्या जेवणापुढे. त्याखाली काही नाही.

आई आपल्या खुर्चीत होती. केस मागे घट्ट विंचरलेले, नखं कापलेली, झगा इस्त्रीचा. इतकी नीटनेटकी मिर्कानं तिला नऊ वर्षांत ठेवली नव्हती. चेहरा मात्र आठवड्यात निम्मा झाला होता.

"कधी गेला तो?" मिर्कानं विचारलं.

"कुठं गेला? आत आहे." आईनं धाकट्या खोलीच्या बंद दाराकडे हनुवटी केली. "काल जेवण झाल्यापासून बसलाय. तू पुढचं काही लिहिलंच नाहीस."

दाराखालच्या फटीतून खोलीतला उजेड दिसत होता. त्या उजेडात मधोमध दोन काळे ठिपके होते, बुटांएवढे. दाराला अगदी लागून.

मिर्का आईच्या पायाशी बसली आणि कुजबुजली, "आई, लेशेक इंग्लंडात आहे. तो आलाच नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोलले. आत जो आहे तो…"

"मला काय कळत नाही?" आईही कुजबुजतच होती. "पहिल्याच दिवशी कळलं. उंबरठ्याबाहेरूनच हात पुढे केला त्यानं. माझा पोरगा उंबरठ्यावरून हात मिळवेल? पाच वर्षांचा होता तेव्हापासून ठाऊक आहे त्याला, ते अशुभ असतं."

"मग आत का घेतलंस?"

आईनं डोळे तिच्याकडे वळवले, जिथे तिला वाटत होतं तिथे. "येतो म्हणाला तो आला नाही. जवळ होती ती निघून गेली. हा आला."

मिर्काच्या जिवाचा संताप झाला, लाज वाटली, आणि या दोहोंच्या वर भीती बसली होती. तिला एकच सुचलं, आणि ते तिच्या धंद्यातलं होतं. ज्या गाडीला परतीची ओळ नाही ती शेवटच्या थांब्यावर उभी राहते. मग ती ओळ लिहायची. तिनं कॅलेंडरवरचं त्या दिवसाचं, एकवीस जुलैचं पान फाडलं, पालथं घातलं आणि सवयीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं:

१४.१० घरातून निघणे.
१४.२२ पुलावरची बस.
१५.०५ मुख्य स्टेशन, गाडी.
परत नाही.

"काय लिहितेस?" आईनं विचारलं.

"जायची वेळ. दोन दहा."

"कुणाचं नाव घातलंस?"

"वेळापत्रकात नाव कुठं असतं, आई? नुसती वेळ असते."

"असं होय," आई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझे तपकिरी बूट कुठेत ग?"

"पलंगाखाली. चल, ऊठ, आपण खाली सिकोराबाईंकडे बसू. तो जाईपर्यंत."

"पाहुणा निघताना घरात कुणी नको का? तू जा. मी बसते."

मिर्कानं तिला दंडाला धरून ओढलं. म्हातारी हलेना. घड्याळात दोन वाजून सहा मिनिटं झाली होती. धाकट्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला… आणि दाराची कडी अर्ध्यावर खाली झाली. मिर्कानं आईचा दंड सोडला. आठवड्यात दुसऱ्यांदा ती आईला त्याच्याजवळ ठेवून दाराबाहेर पडली.

दुसऱ्या मजल्यावर सिकोराबाई आपल्या दारात उभ्या होत्या. दोघी भिंतीला चिकटून थांबल्या. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं, खाली अंगणात कुणाचा तरी रेडिओ वाजत होता. भर दुपारची वेळ, घाबरावं असं काही नाही.

दोन दहाला वर दार उघडलं.

पावलं जिना उतरू लागली. जड, मोजकी, एकेका पायरीवर सारखाच वेळ देणारी. ती जवळ आली तसा गाळाचा वास आला, आणि सिकोराबाईंच्या हातातल्या पातेल्याचं झाकण थडथडायला लागलं. उन्हाच्या पट्ट्यातून काहीही गेलं नाही. पण त्या जड पावलांच्या जोडीला दुसरी पावलं होती. हलकी, भराभर पडणारी, नव्यानं काढलेल्या चामडी बुटांची.

"दोघं आहेत ग…" सिकोराबाई पुटपुटल्या.

मिर्का धावत वर गेली.

आई खुर्चीतच होती. अंगात उन्हाळी कोट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पायात तपकिरी बूट, नाडीला दुहेरी गाठ. तशी गाठ बांधायला आईची बोटं दहा वर्षांपासून वळत नव्हती. अंग अजून ऊबदार होतं, नुसता श्वास नव्हता. टेबलावरच्या पानावर पहिल्या ओळीपुढे तिरकी रेघ होती. मिर्का त्या पानापाशी उभी राहिली, खोडायचं म्हणून पेन उचललं आणि काय खोडायचं ते तिला कळेना. मग सिकोराबाई वर आल्या, डॉक्टरला फोन झाला, माणसं जमली. साडेतीनला कधीतरी पुन्हा पानाकडे लक्ष गेलं तेव्हा रेघा चार झाल्या होत्या.

लेशेक मातीला आला. दीड दिवसासाठी. दफनभूमीतून परतल्यावर टेबलाशी बसून त्यानं ती सात पानं उलटसुलट पाहिली.

"म्हणजे तू तिला एकटीला सोडून समुद्रावर गेलीस," तो म्हणाला.

"तुझ्या भरवशावर."

"मी येत नाही म्हणून सांगितलं होतं."

"आठ वर्षं सांगत होतास."

दोघं त्यानंतर जेवले. निघताना त्यानं दारात मागे वळून हात पुढे केला, उंबरठ्यापलीकडून. मिर्का त्या हाताकडे बघत राहिली. त्याच्या ते लक्षात आलं, तो ओशाळला, आत आला, हात मिळवला आणि गेला. हात ऊबदार होता. इतक्या वर्षांनी रीत विसरला असेल.

ती आता एकटीच राहते. कचेरीतल्या साहेबांनी परवा तिला बोलावून सांगितलं, तुझी राहिलेली रजा संपव, माणसाला दुःख उतरायला वेळ लागतो. तिनं तिथल्या तिथे रजेचा कागद भरला, अठरा ते चोवीस ऑगस्ट. कुठे जायचं असं काही मनात नव्हतं. कुणाला बोललीही नाही. संध्याकाळी घरी येऊन रोजच्यासारखं कॅलेंडरचं पान फाडायला गेली तर चवड हाताला हलकी लागली. तिनं पुढची पानं उलटून बघितली. सतरा ऑगस्टच्या मागे पंचवीस ऑगस्ट आहे. मधली सात पानं नाहीत, आणि फाडल्याची कड अगदी सरळ आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा रद्द करून घेतली. घरात शोधून झालं. टेबल, कपाटं, धाकटी खोली, आईच्या कोटाचे खिसे. ती पानं कुठेही सापडलेली नाहीत, आणि त्यांच्या मागे काय काय लिहून झालंय ते तिला अजून कळलेलं नाही.